गाणे पुरे होऊ द्यावे

कवितेचा अर्थ कवीच्या चरित्रात शोधू नये, असे मी वर्गात गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे. कवी कोणत्या दुःखातून जात होता, त्याचे कोणाशी बिनसले होते, ही माहिती रंजक असेल. परंतु ती कवितेची जागा घेऊ शकत नाही, हे विद्यार्थ्यांना पटवून देणे साहित्याच्या शिक्षकाचे कामच असते. असे सांगून घरी आल्यावर रात्री मी एखाद्या गायकावरचा माहितीपट लावून बसतो. जे करू नये म्हणून दुपारी बजावलेले असते, नेमके तेच तेथे दीड-दोन तास चाललेले असते. बालपण हलाखीचे, म्हणून आवाजात आर्तता. प्रेमभंग झाला, म्हणून हे गाणे. व्यसन जडले, म्हणून ते गाणे. प्रत्येक गाणे आयुष्यातील कुठल्यातरी प्रसंगाची पावती म्हणून दाखवले जाते. मी ते आवडीने पाहतो, हे कबूल करायला हवे. ही विसंगती बरेच दिवस मनात खुपत होती. तिचा थोडा नीट विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दोन गोष्टींचा मी चाहता आहे. एक, अनेक भागांतून सावकाश उलगडणाऱ्या दूरचित्रवाणी मालिका. आणि दुसरी, संगीतविषयक माहितीपट. चाहता हा शब्द मी समजून-उमजून वापरतो आहे. समीक्षकाला अंतर राखावे लागते. चाहत्याला ते साधत नाही आणि बहुधा साधावे अशी त्याची इच्छाही नसते. या दोन प्रकारांपैकी पहिला काल्पनिक आणि दुसरा वास्तव, म्हणून संगीताविषयीचे सत्य दुसऱ्याच्या पदरात अधिक असणार, असे आपण गृहीत धरतो. माझा अनुभव मात्र उलटा आहे. संगीत कोणत्या माणसांच्या हातून, कोणत्या गावात, किती पैशांत आणि किती खटाटोपातून घडते, याची समज मला सर्वांत जास्त दिली ती एका काल्पनिक मालिकेने. ‘ट्रेमे’ हे तिचे नाव. एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर २०१० ते २०१३ या काळात तिची चार पर्वे, म्हणजे एकूण ३६ भाग प्रसारित झाले. डेव्हिड सायमन आणि एरिक ओव्हरमायर हे तिचे कर्ते.

‘ट्रेमे’कडे वळण्यापूर्वी माहितीपटांविषयीची माझी तक्रार स्पष्ट करतो. ती दोन प्रकारची आहे. पहिली अगदी साधी: गाणे पूर्ण ऐकू देत नाहीत. मुखडा होतो न होतो तोच आवाज खाली जातो आणि कोणीतरी जाणकार त्या गाण्याची थोरवी सांगू लागतो. थोरवी सांगून होईपर्यंत गाणे संपलेले असते. पुस्तकाच्या परीक्षणात पुस्तकातील अवतरणे त्रोटक असतात हे आपण समजू शकतो, कारण पुस्तक वाचकाला वेगळे मिळते. पण संगीतावरच्या चित्रपटाला गाणे ऐकवण्याची संधी असताना तो ते ऐकवत नाही, याचा अर्थ त्याचा गाण्यावर पुरेसा विश्वास नाही, असा मी घेतो.

दुसरी तक्रार कथेविषयी आहे. उदय, ऱ्हास आणि पुनरुत्थान किंवा मृत्यू, असा एक साचा या माहितीपटांना मिळाला आहे आणि वास्तव त्या साच्यात बसेपर्यंत छाटले जाते. मलिक बेंजेलूल यांचा ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ (२०१२) हा त्याचा प्रसिद्ध नमुना. डेट्रॉइटच्या रॉड्रिगेझ या गायकाच्या १९७० आणि १९७१ साली आलेल्या दोन ध्वनिमुद्रिका अमेरिकेत कोणी विचारल्या नाहीत. दक्षिण आफ्रिकेत मात्र तो त्याच्या नकळत घराघरांत पोहोचला. त्याचा मृत्यू झाल्याच्या अफवाही तेथे होत्या. चाहत्यांनी शोध घेतला, तो जिवंत सापडला आणि १९९८ साली तेथे जाऊन हजारो श्रोत्यांपुढे गायला. हकीकत खरीच विलक्षण आहे. परंतु हाच रॉड्रिगेझ ऑस्ट्रेलियातही लोकप्रिय होता आणि १९७९ व १९८१ साली तेथे दौरे करून आला होता, हे चित्रपट सांगत नाही. सांगितले असते, तर अज्ञातवास पूर्ण झाला नसता आणि शेवटाची धार बोथट झाली असती. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. तो पाहताना माझेही डोळे भरून आले होते. ऑस्ट्रेलियाची गोष्ट नंतर कळली तेव्हा मला फसवल्याचा राग आला नाही. एवढे सुबक रडू आले तेव्हाच संशय यायला हवा होता, असे मात्र वाटले.

असिफ कपाडिया यांचा ‘एमी’ (२०१५) हा याहून कितीतरी प्रगल्भ चित्रपट. एमी वाइनहाउस या गायिकेचे २७ व्या वर्षी झालेले निधन हा त्याचा विषय. त्यात मुलाखत देणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत. जुन्या चित्रफितींवर त्यांचे केवळ आवाज येतात. तिच्या गाण्यांचे शब्द पडद्यावर उमटत राहतात. हे शब्द वाचता वाचता प्रेक्षक नकळत पुरावा गोळा करू लागतो: इथे तिने वडिलांविषयी लिहिले, इथे नवऱ्याविषयी. एका जागी मात्र हे सारे थांबते. ती ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ‘बॅक टू ब्लॅक’ गात आहे आणि वाद्यमेळ काढून टाकल्यामुळे आपल्याला तिचा एकटीचा आवाज ऐकू येतो. ती काम करत आहे. त्या थोड्या वेळापुरती ती कोणाची बळी नसते, कोणाची मुलगी नसते. एक गायिका असते. मला तो चित्रपट आठवतो तो या जागेसाठी.

आता ‘ट्रेमे’. डेव्हिड सायमन हे मूळचे बाल्टिमोरचे वार्ताहर. त्यांची ‘द वायर’ (२००२ ते २००८, ६० भाग) ही मालिका या लेखाच्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. तिच्यात संगीताविषयी एक कडक शिस्त होती. पात्रांच्या जगात जे वाजते, तेवढेच आपण ऐकायचे: मोटारीतला रेडिओ, दारूच्या गुत्त्यातले यंत्र, रस्त्यावरून येणारा ठेका. प्रेक्षकाने कोठे गहिवरावे आणि कोठे घाबरावे हे सांगणारे पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पर्वाच्या अखेरीस येणाऱ्या चित्रमालिकेपुरता त्याला अपवाद. ज्या माणसाने भावना चेतवण्यासाठी संगीत वापरायचे नाही असे एकदा ठरवले, त्यानेच पुढे सगळी मालिका संगीतावर करावी, यात मला विसंगती वाटत नाही. संगीताला कामाला न जुंपणे हा त्याचा आदर करण्याचाच एक मार्ग आहे.

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ आले, न्यू ऑर्लीन्सच्या संरक्षक भिंती आणि बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. ट्रेमे ही त्या शहरातली कृष्णवर्णीयांची अतिशय जुनी वस्ती. गुलामगिरीच्या काळात रविवारी गुलाम जेथे एकत्र जमून नाचत-वाजवत, ते काँगो स्क्वेअर याच परिसरात आहे. पुरानंतर वादक देशभर पांगले होते. मालिका सुरू होते ती वादळानंतर तीन महिन्यांनी, पहिल्या ‘सेकंड लाइन’च्या वेळी. सेकंड लाइन म्हणजे ब्रास बँडच्या मागून सारी वस्ती नाचत जाते ती मिरवणूक. एखाद्या शोकात्म माहितीपटाने या क्षणी संथ सूर लावले असते. ‘ट्रेमे’ सुरू होते ती बिदागीच्या घासाघिशीने. वादक आधी पैशांचे ठरवून घेतात, आयोजक हात आखडता घेतात, पोलीस आणि सैनिक बाजूला उभे आहेत, आणि अंत्वान बातिस्त हा ट्रॉम्बोनवादक उशिरा टॅक्सीने येऊन भाड्यावरून चालकाशी हुज्जत घालतो. मग वाद्ये उचलली जातात आणि मिरवणूक निघते.

बँडवाल्यांची सुपारी कशी ठरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रसंगाचे नवल वाटणार नाही. नवल याचे वाटते की संगीतावरच्या माहितीपटांत हे जवळपास कधीच दिसत नाही. तेथे पैसा येतो तो खलनायक म्हणून: लबाड व्यवस्थापक, लोभी कंपनी, उधळपट्टी. रोजच्या पोटापाण्याचा पैसा, म्हणजे आजच्या कार्यक्रमाचे किती, गाडीभाडे कोण देणार, गहाण पडलेले वाद्य कसे सोडवायचे, हा पैसा त्यांना दिसत नाही. मराठी साहित्यात तमाशा कलावंतांविषयी, नाटक मंडळ्यांविषयी जे चांगले लेखन झाले, त्यात हा हिशेब कोठेतरी असतोच. कला आणि उपजीविका यांचा सांधा दाखवला की कलावंत लहान होत नाही. उलट तो कशाच्या बदल्यात गातो हे कळल्यावर त्याचे गाणे अधिक नीट ऐकू येते.

‘ट्रेमे’मधले बहुतेक सारे वादन चित्रीकरणाच्या जागीच, प्रत्यक्ष वाजवून मुद्रित केलेले आहे. रिबर्थ ब्रास बँड, कर्मिट रफिन्स, ॲलन टूसाँ, डॉ. जॉन हे न्यू ऑर्लीन्सचे संगीतकार स्वतःच्याच भूमिकांत येतात. गाणे सुरू झाले की कॅमेरा घाई करत नाही. कथा थांबते. पात्रे ऐकत उभी राहतात आणि आपणही ऐकतो. मालिकेवर सर्वांत मोठा आक्षेप घेतला गेला तो हाच: ती संथ आहे, तिच्यात काही घडत नाही, मध्येच गाणी येतात. ‘मध्येच’ हा शब्द मला फार बोलका वाटतो. गाणे हे जणू कथेच्या वाटेत आलेला अडथळा आहे, असा समज त्यामागे आहे. या मालिकेत ते उलट आहे. गाणी हाच रस्ता आहे आणि त्यावरून माणसे येत-जात आहेत.

या मालिकेचे वास्तवाशी असलेले नाते लक्षात घेण्यासारखे आहे. स्पाइक ली यांनी २००६ साली ‘व्हेन द लेव्हीज ब्रोक’ हा चार अंकांचा, चार तासांचा माहितीपट केला. कॅटरिनावरचा तो सर्वांत महत्त्वाचा दृक्‌श्राव्य दस्तऐवज आहे, असे मला वाटते. त्याचे संगीत टेरेन्स ब्लँचर्ड या न्यू ऑर्लीन्सच्याच ट्रम्पेटवादकाचे. एका प्रसंगात ब्लँचर्ड आपल्या आईला घेऊन तिच्या उद्ध्वस्त घरात जातात. आजवर ज्याचे संगीत आपण पडद्यामागून ऐकत होतो, तो माणूस मुलगा म्हणून समोर येतो आणि आईला सावरू लागतो. त्यानंतर त्याचे संगीत पहिल्यासारखे ऐकता येत नाही. याच माहितीपटात फिलिस मोंटाना-लब्लाँ नावाची एक स्त्री आहे. पुरात अडकलेल्या सामान्य रहिवाशांपैकी ती एक. रागीट, विनोदी आणि बोलण्यात कोणाला हार न जाणारी. पुढे ‘ट्रेमे’मध्ये तिला भूमिका मिळाली, अंत्वानची जोडीदार देझिरे ती तिने केली. वेंडेल पिअर्स हे अंत्वानची भूमिका करणारे नट न्यू ऑर्लीन्सचेच. तेही लींच्या माहितीपटात बोललेले आहेत. ‘फोबर्ग ट्रेमे’ (२००८) हा त्या वस्तीच्या इतिहासावरचा माहितीपट डॉन लॉग्सडन यांनी दिग्दर्शित केला आणि लोलिस एरिक एली यांनी लिहिला. हे एली पुढे मालिकेच्या लेखकांत होते. म्हणजे साक्षीदार उठून नाटकात आले आणि तेथेही बोलत राहिले. अशा वेळी काल्पनिक कोणते आणि वास्तव कोणते, ही विभागणी फारशी उपयोगाची राहत नाही.

उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे: वेळ कशाला दिला? केन बर्न्स यांच्या ‘जॅझ’ (२००१) या दहा भागांच्या भव्य माहितीपटमालेचा पहिला भाग न्यू ऑर्लीन्सविषयी आहे. त्यानंतर संगीत शिकागोला जाते, न्यूयॉर्कला जाते आणि कथेचे केंद्रही त्याच्याबरोबर हलते. जन्मस्थान म्हणून त्या शहराचा सन्मान होतो, पण त्याचे काम जणू संपलेले असते. १९६१ नंतरचा सारा काळ शेवटच्या एका भागात उरकलेला आहे, ही त्या मालेवरची जुनी टीका आहे आणि ती रास्त आहे. वाङ्मयेतिहास लिहिणाऱ्यांना ही अडचण परिचित असेल. ‘ट्रेमे’ इतिहास सांगत नाही. ती आज काय चालू आहे ते दाखवते. ॲल्बर्ट लँब्रो (क्लार्क पीटर्स) हा मार्डी ग्राच्या सणाला पिसांचा आणि मण्यांचा भव्य पोशाख घालून निघणाऱ्या ‘इंडियन’ टोळीचा प्रमुख आहे. हे कृष्णवर्णीय लोक दर वर्षी नवा पोशाख स्वतःच्या हाताने शिवतात. त्याला अनेक महिने लागतात. घर पडले आहे, माणसे पांगली आहेत, आणि ॲल्बर्ट सुईत दोरा ओवतो आहे. एकेका भागात तो पोशाख चार बोटे पुढे सरकतो. पहिल्या पर्वात प्रत्यक्ष मार्डी ग्राच्या दिवशी तो तुरुंगात असतो, कारण बंद ठेवलेल्या सरकारी घरांत घुसून त्याने निषेध केलेला असतो. पोशाख बाहेर निघतो तो पुढे १९ मार्चला, संत जोसेफच्या रात्री. आठ-नऊ तास आपण ती शिवण पाहिलेली असते, म्हणून त्या रात्रीचे मोल आपल्याला कळते. दीड तासाच्या माहितीपटाला हे दोन मिनिटांत आटोपावे लागले असते.

तीच गोष्ट शिकण्या-शिकवण्याची. दुसऱ्या पर्वात अंत्वानला शाळेत बँड शिकवण्याची नोकरी लागते. तो ती अनिच्छेने, पगारासाठी धरतो. बेसूर फुंकणारी मुले हळूहळू सुरात येतात. काही येत नाहीत. शिक्षक असल्यामुळे असेल, पण मला या प्रसंगांत काही खोटे आढळले नाही. ॲनी ही व्हायोलिनवादक तरुणी हार्ली नावाच्या रस्त्यावर गाणाऱ्या वयस्क गवयाकडून गाणे कसे लिहावे हे शिकत राहते. तिचे पहिले प्रयत्न सामान्य असतात आणि मालिका ते सामान्यच दाखवते. प्रतिभेच्या एका झटक्यात गाणे सुचले, असे सांगण्याचा मोह बहुतेक माहितीपटांना आवरत नाही. एखादी ओळ टाकून देण्याचे काम त्यांत अभावानेच दिसते.

आक्षेपांना बगल देऊ नये. पहिला आक्षेप असा की प्रत्यक्ष वादनाचा एवढा गौरव करताना मी नटांना विसरतो आहे. ते खरे आहे. अंत्वानच्या ट्रॉम्बोनचा नाद वेंडेल पिअर्स यांचा नाही. रिबर्थ ब्रास बँडचे स्टॅफर्ड एजी हे कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभे राहून वाजवत असत. पिअर्स यांनी भूमिकेसाठी ते वाद्य शिकून घेतले, हात-ओठ बरोबर ठेवले, पण फुंक दुसऱ्याची होती. नाटक हे अखेर नाटकच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: सायमन यांना उपदेशाची खोड आहे. न्यू ऑर्लीन्सचे अस्सलपण इतक्या वेळा, इतक्या आग्रहाने सांगितले जाते की बाहेरच्या प्रेक्षकाला अपराधी वाटू लागते. विस्कॉन्सिनहून घरबांधणीला मदत करायला आलेले काही भाबडे तरुण रस्त्यावरच्या वादकांना एक सर्वपरिचित गाणे वाजवण्याची विनंती करतात, तेव्हा सनी नावाचा वादक त्यांचा पाणउतारा करतो: वादळाच्या आधी तुम्ही या वस्तीचे नाव तरी ऐकले होते का? प्रसंग पाहताना त्या तरुणांची दया येते. मात्र मालिका इतकी सरळ नाही. हा सनी स्वतः ॲमस्टरडॅमहून आलेला आहे. जो परका आहे, तोच परकेपणावरून दुसऱ्याला टोचतो आहे. चाहत्यांच्या जगात वावरलेल्या कोणालाही हा स्वभाव ओळखू येईल.

माझ्यासाठी या मालिकेचा गाभा असलेला प्रसंग तिसऱ्या भागाच्या शेवटी येतो. आपल्या मृत साथीदारासाठी ॲल्बर्ट आणि त्याची माणसे एका पडक्या घरासमोर जमतात आणि आपल्या परंपरेतले शोकगीत गाऊ लागतात. हातात डफासारखे वाद्य, बाकी काही नाही. तेवढ्यात पुराने झालेली हानी दाखवत फिरणारी पर्यटकांची बस येऊन थांबते. खिडक्यांतून कॅमेरे निघतात. हे काय चालले आहे, असे चालक विचारतो. त्याला निघून जायला सांगितले जाते. तो क्षणभर घोटाळतो, क्षमा मागतो आणि बस वळवून नेतो.

मी ती बस पाहिली तेव्हा आपण कोठे बसलो आहोत हे मला कळले. न्यू ऑर्लीन्स मी पाहिलेले नाही आणि पाहीन असे वाटत नाही. तेथले संगीत मला आवडते ते ध्वनिमुद्रिकांतून आणि चित्रपटांतून. दुसऱ्याच्या दुःखाच्या काचेआडून घेतलेल्या छायाचित्रांवर माझी बरीचशी रसिकता पोसलेली आहे. एमीची शेवटची वर्षे मी ज्या उत्सुकतेने पाहिली, ती या बसमधल्या माणसांच्या उत्सुकतेहून फार वेगळी होती, असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. मालिकेने आपल्यालाही खिडकीशी बसवले आहे आणि तरीही ती आपल्याला ते गाणे थोडा वेळ ऐकू देते. ऐकायचे तर थांबावे लागते आणि थांबण्याचा अधिकार नेहमी आपला असतोच असे नाही. चाहत्याला कोणीतरी हे सांगायला हवे होते.

हे वाचून कोणाला वाटेल की नाटकाच्या बाजूने मी निकालच दिला. तसे नाही. नाटकाला जे कधीच करता येणार नाही, ते करणारे माहितीपट आहेत आणि त्यातला एक न्यू ऑर्लीन्सचाच आहे. स्टीव्हन्सन पाल्फी यांचा ‘पियानो प्लेयर्स रेअरली एव्हर प्ले टुगेदर’ (१९८२). टट्स वॉशिंग्टन, प्रोफेसर लाँगहेअर आणि ॲलन टूसाँ या तीन पिढ्यांच्या तीन पियानोवादकांना एकत्र वाजवायला लावावे, अशी ती कल्पना. गुत्त्यात पियानो एकच असतो, त्यामुळे पियानोवादकांनी एकमेकांचे ऐकलेले असते, पण एकत्र वाजवण्याचा योग येत नाही. शीर्षकाचा अर्थ हाच. तालमी सुरू होतात. तिघेही एकमेकांना जोखत, अडखळत, हसत वाजवतात. आणि ठरलेल्या मैफलीच्या तोंडावर, जानेवारी १९८० मध्ये, प्रोफेसर लाँगहेअर यांचे निधन होते. तालमीचा चित्रपट अंत्ययात्रेपाशी येऊन ठेपतो. हे कोणी लिहिलेले नव्हते. ‘ट्रेमे’मध्येही हार्लीचा खून होतो आणि आपण हळहळतो, पण ती भूमिका करणारे स्टीव्ह अर्ल यांनी त्याच मालिकेसाठी गाणेही लिहिलेले आहे, हे आपल्याला ठाऊक असते. पाल्फी यांच्या चित्रपटात तसा दिलासा नाही. त्यांचे स्वतःचे घर कॅटरिनाच्या पुरात सापडले आणि डिसेंबर २००५ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा ते टूसाँ यांच्यावरच्या माहितीपटावर अनेक वर्षे काम करत होते.

आपल्याकडे पाहायचे तर मणी कौल यांच्या ‘ध्रुपद’ (१९८२) या माहितीपटाचा उल्लेख करावा लागेल. झिया मोहिउद्दीन डागर आणि झिया फरिदुद्दीन डागर हे बंधू त्याचा विषय. कौल स्वतः थोरल्या डागरांकडे ध्रुपद शिकले होते. पनवेलजवळ पळस्पे येथे डागरांनी गुरुकुल उभे केले, हे अनेकांना माहीत असेल. चित्रपट शिष्याने केलेला आहे हे त्याच्या चालीवरूनच कळते. चरित्राची उत्सुकता त्यात फारशी नाही. आलापाला लागतो तो अवकाश देणे हेच दिग्दर्शनाचे मुख्य काम आहे.

वेळ दिल्याने केवळ आस्वाद वाढतो असे नाही, सत्यही बदलते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण ‘गेट बॅक’ हे आहे. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या तालमींचे चित्रीकरण मायकेल लिंडसे-हॉग यांनी केले. त्यातून १९७० साली सुमारे ८० मिनिटांचा ‘लेट इट बी’ निघाला आणि फुटत चाललेल्या चार मित्रांचा चित्रपट म्हणून तो ओळखला गेला. त्याच साहित्यातून पीटर जॅक्सन यांनी २०२१ साली सुमारे आठ तासांचा, तीन भागांचा माहितीपट केला. भांडणे त्यातही आहेत. जॉर्ज हॅरिसन मध्येच सोडून जातात. परंतु आठ तासांत भांडणांबरोबर चहा येतो, जांभया येतात, जुनी गाणी, टवाळकी, कंटाळा येतो. एके सकाळी पॉल मॅकार्टनी नुसतेच तारा छेडत बसले आहेत, शेजारी जॉर्ज जांभई देत आहेत, आणि त्या खटपटीतून आपल्या डोळ्यांदेखत ‘गेट बॅक’ हे गाणे आकार घेऊ लागते. ऐंशी मिनिटांत जे भांडण दिसले होते, ते आठ तासांत काम दिसते. माहितीपट येथे मालिकेसारखा झाला आणि म्हणूनच संगीताच्या अधिक जवळ गेला.

तेव्हा सुरुवातीच्या विसंगतीचे उत्तर माझ्यापुरते असे आहे. चरित्र सांगणे हा दोष नाही. ब्लँचर्ड यांची आई पाहिल्यावर त्यांचे संगीत मला अधिक ऐकू आले, कमी नव्हे. दोष आहे तो चरित्राने गाण्याची जागा घेण्यात. चरित्र गाण्याकडे नेते की गाण्यावरून उचलून दुसरीकडे नेते, हे पाहिले पाहिजे. आणि ते ओळखण्याची खूण साधी आहे. गाणे पुरे होऊ दिले का? काम करणारे हात दिसले का? हे दोन प्रश्न मी आता काल्पनिक मालिकेलाही विचारतो आणि माहितीपटालाही.

गेल्या काही सत्रांपासून वर्गातही एक लहानसा बदल केला आहे. नवी कविता शिकवायला घेताना कवीचे नाव, साल, काळ काहीही न सांगता ती आधी दोनदा, सावकाश, शेवटपर्यंत वाचतो. मुले अस्वस्थ होतात. कोणाची, कधीची, असे विचारतात. तासाच्या अखेरीस सर्व सांगतो. काही वेळा माहिती कळल्यावर कविता उजळते, काही वेळा काहीच फरक पडत नाही. घरी मात्र सवय सुटलेली नाही. माहितीपट पाहणे चालूच आहे. तो संपल्यावर त्यात अर्धवट तोडलेले एखादे गाणे शोधून काढतो आणि झोपण्यापूर्वी ते अखेरपर्यंत ऐकतो.